रथसप्तमीचा सूर्य, व्हाया पुलाऊ उबिन

सिंगापुरात सूर्य उशिरा उठतो. इथल्या लोकांनी कधीतरी घड्याळ पुढे सरकवून ठेवलं आणि सूर्याला तसं कळवायचं राहून गेलं, असं काहीतरी झालंय. बाराही महिने सात वाजायला आले तरी रस्त्यावरचे दिवे चालू असतात. पोरं अंधारात शाळेच्या बसमध्ये चढतात, ऑफिसवाले अंधारात एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शिरतात, आणि सूर्य सावकाश वर येतो तेव्हा निम्मा देश मान खाली घालून फोनमध्ये बघत असतो. मीही त्यातलीच. आधी लेकीचा डबा, लेकीची पाण्याची बाटली, लेकीची विसरलेली फाइल, मग माझा डबा, मग माझं ऑफिस. पुंगोलला, ईशान्येच्या टोकाच्या आमच्या उपनगरात, घरापासून पाणी चालत पंधरा मिनिटांवर आहे, आणि इथे राहून मी पाहिलेले सूर्योदय एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातले दोन विमानातून.

रथसप्तमीचं तेवढं मी सोडलं नव्हतं.

लहानपणी आम्ही पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत राहायचो. जिथे धरण तिथे वडिलांची बदली, त्यामुळे गावं बदलायची, पिवळे क्वार्टर्स तेच राहायचे. रथसप्तमीला आई अंगणात रांगोळीने सात घोड्यांचा रथ काढायची. चौथ्या घोड्यानंतर तिचा उत्साह संपायचा आणि उरलेले तीन कुत्र्यांसारखे दिसायचे. मग गोवरीच्या विस्तवावर बोळक्यात दूध ठेवायचं, पूर्वेकडे तोंड करून बसायचं, आणि ते उतू जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. एरवी दूध उतू गेलं की घर डोक्यावर घेणारी माझी आई, त्या एका सकाळी दूध उतू जावं म्हणून फुंकणीने विस्तव फुलवत बसायची. वर्षातून एक दिवस वाया घालवायची परवानगी होती, तीही सूर्याच्या नावावर.

पुंगोलचा फ्लॅट दाखवताना एजंट म्हणाला होता, मॅडम, किचन पूर्वेला आहे. आहेच. फक्त पूर्व आणि आमचं किचन यांच्या मध्ये समोरचा ब्लॉक आहे. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी रथसप्तमीला गॅसवर दूध उतू घालवते आणि समोरच्या अकराव्या मजल्यावरच्या एअरकंडिशनरला मनोभावे नमस्कार करते. तो बऱ्यापैकी पावलाय, खोटं कशाला बोलू.

या वर्षी रथसप्तमी रविवारी आली, आणि मुख्य म्हणजे अजित घरी होता.

अजित माझा नवरा. जहाजावर चीफ इंजिनिअर आहे. हे ऐकलं की पुण्याकडच्या बायका हमखास उसासा टाकतात, "किती छान गं, रोज समुद्रावरचा सूर्योदय!" त्यांना सांगावंसं वाटतं की बाई, इंजिन रूम पाण्याच्या पातळीच्या खाली असते. तिला खिडकी नसते. सूर्य बघायला वर ब्रिजवर कॅप्टन मंडळी असतात, पांढरे शर्ट घालून. अजित सेकंड इंजिनिअर होता तेव्हा त्याची पाळी पहाटे चार ते आठ. म्हणजे जगातल्या यच्चयावत समुद्रांवर सूर्य उगवत असताना हा माणूस ट्यूबलाइटखाली, कानांवर मफ लावून, तेलाचं प्रेशर बघत होता.

आता त्याच्यापुढे प्रश्न आला होता. कंपनीने त्याला किनाऱ्यावरची नोकरी देऊ केली होती. इथेच, सिंगापुरात. ऑफिस, टेबल, गळ्यात कार्ड, संध्याकाळी घरी. नाहीतर नेहमीप्रमाणे पुढच्या महिन्यात जहाज. सोमवारी उत्तर कळवायचं होतं. सोमवार तोंडावर आला तरी अजित काही बोलत नव्हता. तो फक्त वस्तू खोलत होता. वॉशिंग मशीन खोललं, जे उत्तम चालत होतं. पंखा खोलला. लेकीची सायकल दोनदा खोलली. तो घरी राहावा असं मला वाटत होतं, इतकं की मी या विषयावर अवाक्षर काढायचं नाही अशी शपथ घेतली होती. मला ओळखणाऱ्यांना या शपथेची किंमत कळेल.

बोलायचं नव्हतं, पण दाखवायला काय हरकत होती? लग्नानंतरचे आमचे पहिले काही महिने इथल्याच क्लेमेंटी भागात गेले. अजित परीक्षेचा अभ्यास करायला किनाऱ्यावर होता आणि आम्ही एका चिनी आजींच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेतली होती. कांदा परतायला बंदी, फोडणीला बंदी, मोठ्याने हसायला जवळजवळ बंदी. मग आम्ही पहाटे चहाचे ग्लास घेऊन बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहायचो. कॉरिडॉर पूर्वेला होता. खांद्याला खांदा लावून, काही न बोलता, रोज. आकाश उजळत जायचं आणि अजित असा टक लावून बघत राहायचा की मला वाटायचं, बघा, किती हळवा माणूस आहे. पुढची वीस-बावीस वर्षं त्याच्या प्रत्येक जाण्याच्या वेळी मी तो कॉरिडॉर मनातल्या मनात बाहेर काढायची, पुसायची, परत ठेवून द्यायची.

तेव्हा माझा बेत असा, की त्याला एक फक्कड सूर्योदय दाखवायचा. बाकीचं सूर्य बघून घेईल.

"पुलाऊ उबिनला जाऊ," मी शुक्रवारी जेवताना जाहीर केलं. पुलाऊ म्हणजे मलयमध्ये बेट. उबिन हे सिंगापूरच्या ईशान्येचं छोटं बेट, जिथे अजून कौलारू घरं, नारळ आणि मोकळ्या कोंबड्या शिल्लक आहेत.

"सन इज द सेम सन, लाह," सई म्हणाली. सई आमची लेक, वय सतरा, ज्युनिअर कॉलेजात आहे, मराठीत ओरडा खाते आणि इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत उत्तर देते. "अँड इट्स संडे. नॉट गोइंग."

"तुला कुणी बोलावलंय?"

"वा, सो रोमँटिक." तिने ताटातून मान वर केली. "पपा, यू ओके ऑर नॉट? शी इज मेकिंग यू वेक अप ॲट फाइव्ह."

"मी बोटीवर चारला उठतो," अजित म्हणाला. उत्साह यापेक्षा जास्त त्याच्यात दिसत नाही.

आता जायचं कसं ते सांगते, कारण माझ्याकडून ते चुकता चुकता राहिलं. पहाटेच्या पहिल्या एमआरटीने निघालात तर चांगीला, जिथून बोट सुटते, पोचेपर्यंत सूर्य वर आलेला असेल. त्यामुळे टॅक्सी. पुंगोलहून चांगी व्हिलेज रविवारी पहाटे वीस मिनिटं लागतात आणि पंधरा-वीस डॉलर. आमचा ड्रायव्हर बोलका होता. "फिशिंग आ?" म्हणाला. मी म्हटलं, नो, सनराइज. त्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं, मग अजितकडे जरा सहानुभूतीने पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही.

चांगी व्हिलेजच्या हॉकर सेंटरला एवढ्या पहाटेही एखाद-दुसरा स्टॉल उघडलेला मिळतो. कॉफी घ्या. कंडेन्स्ड मिल्क घातलेली, चमचा उभा राहील अशी. नासी लेमाकची, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताची, रांग लावायची असेल तर परत येताना लावा, नाहीतर सूर्योदय रांगेतच होईल. जेट्टी तिथून दोन मिनिटांवर.

उबिनला बमबोट जाते, म्हणजे जुनी लाकडी मोटरबोट. तिला वेळापत्रक नाही. बारा माणसं जमली की सुटते. माणशी चार डॉलर, रोख; कार्ड दाखवलंत तर बोटवाले अंकल तुमच्याकडे दयेने बघतात. पहाटे बारा माणसं जमतील का, ही माझी मोठी काळजी होती. पण सिंगापुरात मासे पकडणाऱ्या म्हाताऱ्यांची कमतरता नाही. गळ, बादल्या, घडीच्या खुर्च्या घेऊन सात-आठ जण आधीच हजर होते. मग सायकलवाले दोघे आले, मग आम्ही, आणि बोट भरली. माझ्या पिशवीत फिरकीच्या डब्यात दूध होतं आणि एक छोटं पातेलं. पातेलं बघून एका म्हाताऱ्याने शेजारच्याला काहीतरी सांगितलं आणि दोघेही खूप हसले. मी बहुधा मासा पकडायच्या आधीच रस्सा करायला निघाले होते.

बोट सुटली तेव्हा आकाश शिसपेन्सिलीच्या रंगाचं होतं. धडधड, धूर, डिझेलचा वास. मी अजितला मुद्दाम पूर्वेच्या बाजूला बसवलं. खाडीच्या मध्यावर आलो आणि इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग बंद पडलं.

शांतता अशी पडली की विचारू नका. सिंगापुरात शांतता नसते. काही ना काही घुमत असतं, एसी, लिफ्ट, महामार्ग. आणि इथे एकदम फक्त लाकडाला लागणारं पाणी. लांबवर एक विमान उतरत होतं, त्याचाही आवाज येईना. बोट अलगद फिरली, आणि चांगीचा किनारा जिथे संपतो तिथली मोकळी जागा समोर आली. नांगरलेल्या जहाजांची रांग, काळी, कातरून चिकटवल्यासारखी, आणि त्यांच्या मागे हापूसच्या कोयीलगत असतो तो रंग.

म्हातारे बादल्या सोडून तिकडे बघायला लागले. सायकलवाल्या मुलीने फोन काढला आणि का कोण जाणे, परत खिशात ठेवला. सूर्याची कड दोन जहाजांच्या मधून वर आली. मी हात जोडले. आईचे ते चार घोडे आणि तीन कुत्रे डोळ्यांपुढे आले. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं, की मी एका जागी बसले आहे आणि पुढचं काम डोक्यात नाही. डबा नाही, फाइल नाही, सोमवारसुद्धा नाही. बोट बंद होती, त्यामुळे कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं. सूर्य पूर्ण गोल होऊन पाण्यावरून सुटला तेव्हा मी न बघता शेजारी हात टाकला, अजितच्या हातावर ठेवायला.

तिथे पातेलं होतं.

अजित बोटीच्या मागच्या बाजूला होता. फळी उचलून, इंजिनाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत वाकलेला. पाठ पूर्वेकडे. त्याच्या शेजारी अंकल टॉर्च धरून बसले होते आणि दोघांचं अखंड बोलणं चाललं होतं. अंकलना हॉकियन ही चिनी बोली येते, अजितला मालवणी. इंग्रजी दोघांनीही जेमतेम वापरलं.

"एअर इनसाइड, आ?"

"एअर, एअर. फिल्टर ऑल्सो नो गुड."

"चेंज ऑलरेडी! लास्ट वीक!"

"ओके अंकल, यू पंप, आय ओपन. स्लो, स्लो."

आणि अजित शिट्टी वाजवत होता. कुठलं तरी सूर नसलेलं, तेच तेच. दोन महिने तो घरात होता, मी ती शिट्टी एकदाही ऐकली नव्हती. मी विसरूनही गेले होते की तो शिट्टी वाजवतो.

इंजिन धडधडलं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंकलनी अजितच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "यू वर्क शिप?" अजित हो म्हणाला, त्यावर अंकल म्हणाले, "बिग वन, स्मॉल वन, सेम-सेम. ऑल गिव्ह हेडेक." मग तो चिंधीला हात पुसत माझ्याजवळ येऊन बसला. चेहरा असा, जसा सईचा शाळेत पहिला नंबर आला तेव्हा होता.

"पाहिलास?" मी विचारलं.

"काय?"

मी बोट केलं. त्याने वळून बघितलं. सूर्य आता पांढरा झाला होता, डोळ्यांत जाण्याइतका.

"अरे, आला वाटतं," तो म्हणाला.

उबिनच्या जेट्टीवर उतरलं की समोरच गाव आहे. गाव म्हणजे दहा-पंधरा घरं, सायकली भाड्याने देणारी दुकानं, आणि शहाळी व थंड पेयं विकणारं एक पत्र्याचं दुकान, ज्याच्या मालकीणबाई नुकत्याच खुर्च्या मांडत होत्या. सत्तरीच्या असतील. फुलाफुलांचा ब्लाउज, पायात रबरी स्लिपर. मी त्यांना डबा दाखवला आणि हे दूध गॅसवर ठेवून द्याल का म्हणून विचारलं.

"बेबी मिल्क, आ?" त्यांनी आमच्या मागे बघितलं. "बेबी व्हेअर?"

मी नो बेबी म्हटलं. त्यांनी आमची वयं बघितली, तेही पटलं, आणि पातेलं घेऊन त्या आत गेल्या. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. कोंबडा पायांतून फिरत होता. अजून सायकलवाल्यांची गर्दी व्हायची होती.

"सोमवारी काय कळवणार आहेस?" मी विचारलं. शपथ मोडली.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं ते सोड. तुला काय वाटतं?"

अजितने नखातलं तेल दुसऱ्या नखाने काढलं. "ऑफिस बघून आलो ना परवा. खूप वर आहे. काचेतून अख्खं बंदर दिसतं. तिथला मुलगा म्हणाला, सर, व्ह्यू बघा. बघितला. सगळी जहाजं दिसतात गं, खेळण्यातल्यासारखी. मग वाटलं, आता रोज इथे बसून ही बघायची आणि त्यांच्या इंजिनांबद्दल ईमेल वाचायचे."

"वाईट आहे का ते?"

"वाईट कसं असेल? सई घरी आहे, तू आहेस. वाईट असतं तर केव्हाच नाही म्हणून मोकळा झालो असतो."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुला क्लेमेंटी आठवेल. तो कॉरिडॉर. रोज सकाळी सूर्य बघायचास ना माझ्याबरोबर. म्हणून आणलं तुला आज."

तो काही तरी बोलायला गेला आणि थांबला.

"बोल."

"रागावू नकोस."

"बोल रे."

"तिथे समोर नवीन ब्लॉक बांधत होते. टॉवर क्रेन होती, आठवते? त्यांची सकाळची पाळी बरोब्बर त्या वेळेला चालू व्हायची. पहिला लोड उचलायची ना, तेव्हा तिचा हात असा किंचित वाकायचा. मी ते बघायचो."

कोंबडा आरवला. त्याला मेल्याला तेव्हाच सुचलं.

"म्हणजे तू सूर्य नाही बघायचास?"

"आता समोरच होता म्हटल्यावर दिसला असेलच की कधीतरी," अजित म्हणाला. मग कोंबड्याकडे बघत, "तू इतकी खूश असायचीस त्याला बघून, मग मी क्रेनचं काय बोलायचं?"

मला हसू आलं, आणि ते थांबेना. मग ते हसूच आहे का याची खात्री वाटेना. वीस-बावीस वर्षं मी ती आठवण उशाशी घेऊन झोपले होते. तिच्यात क्रेन होती! मी इकडे सूर्यनारायणाला साक्षी ठेवून संसार मांडतेय आणि हा बाजूला उभा राहून सिमेंटच्या बादल्या मोजतोय. पण हसता हसता हेही कळत होतं, की त्या कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारी उभा असलेला माणूस खराच आनंदात होता. तेवढं काही मी मनाने रचलेलं नव्हतं. कशामुळे आनंदात होता, एवढीच माझी बातमी चुकली होती.

आणि तसाच आनंदी माणूस मी आत्ताच बोटीच्या खड्ड्यात बघितला होता. काचेच्या ऑफिसात तो मला मिळणार नव्हता. गळ्यात कार्ड घातलेला, संध्याकाळी वेळेवर घरी येणारा, माझं वॉशिंग मशीन दर शनिवारी खोलणारा कुणीतरी मिळाला असता. त्याच्यावर मी प्रेम केलं असतं, नाही असं नाही. पण मी शिट्टीची वाट बघत बसले असते.

"जा बोटीवर," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की नाही. तरी जा. पण सहा महिने नाही, चार माग. आणि सईच्या परीक्षेला तू इथे हवास. तिची परीक्षा झाली की मग काय ते परत बोलू."

"चार देतील की नाही..."

"इतकी वर्षं त्यांची इंजिनं..."

"मिल्क! मिल्क! मिल्क!" आतून किंकाळी आली.

मी धावले. मालकीणबाईंनी हातात फडकं धरून पातेलं विजयी मुद्रेने वर उचललं होतं. दूध काठापर्यंत येऊन खाली बसत होतं. "लकी आय सी! ऑलमोस्ट ओव्हर!"

आता यांना कसं सांगायचं? मी इंग्रजीत रथसप्तमी समजावायला सुरुवात केली. सूर्य, रथ, घोडे. घोड्यांपाशी त्यांचा चेहरा कोरा झाला. शेवटी मी म्हटलं, आंटी, आजचा दिवस ते वाया जायलाच हवं. सांडायला हवं. सूर्यासाठी.

"वेस्ट?" त्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "ओह! लाइक पोंगल! माय लास्ट टाइम नेबर, तमिळ लेडी, शी ऑल्सो डू. बट दॅट वन गॉट राइस. यू ओन्ली मिल्क?"

"ओन्ली मिल्क."

"सो सिंपल," त्या जराशा नाराजीने म्हणाल्या, आणि पातेलं परत ठेवून गॅस मोठा केला.

आम्ही तिघं त्या शेगडीभोवती उभे राहिलो. दुकानाच्या मागच्या दाराने ऊन आत आलं होतं, बरोबर शेगडीवर. दूध वर आलं. मालकीणबाईंचा हात दोनदा बटणाकडे गेला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला. तिसऱ्यांदा त्यांनी दुसऱ्या हाताने पहिला हात धरून ठेवला. आयुष्यभर दूध सांभाळलेल्या बाईला हे किती जड जातं, मला माहीत होतं. मग दूध काठावरून उतरलं, चुरचुरलं, करपल्याचा वास सुटला. अगदी तोच वास. मी डोळे मिटले तर पिवळा क्वार्टर, थंड अंगण, अंगावर आईची शाल.

"ओके, इनफ, इनफ," मालकीणबाईंनी गॅस बंद केला. "सन फुल ऑलरेडी."

शेगडी मी पुसायला गेले, त्यांनी पुसू दिली नाही. अजितने ती पुसली, आणि पुसता पुसता बर्नर काढून बघितला.

उरलेलं उबिन थोडक्यात. सायकली जेट्टीजवळच घ्या, ब्रेक बघून घ्या, दिवसाला दहा ते वीस डॉलर. आमच्या दोन्ही सायकलींचे ब्रेक अजितने बघितले, आणि दुकानातल्या इतर काही सायकलींचेही. पूर्वेच्या टोकाला चेक जावा आहे. तिथे समुद्रावरून आणि तिवरांमधून लाकडी वाट जाते, मनोराही आहे. पण त्याचं फाटक साडेआठला उघडतं, त्यामुळे सूर्योदय तिथे बघायचा बेत करू नका. इंटरनेटवर ज्यांनी तसं लिहिलंय ते तिथे गेलेले नाहीत. रस्त्यात रानडुकरं भेटतात, पिल्लांसकट. पिशवीत खायचं असेल तर तोंड बांधून ठेवा. एका डुकराने आमच्या रिकाम्या दुधाच्या डब्याचा वास घेतला आणि तोंड फिरवून निघून गेलं. ऊन दहानंतर भाजायला लागतं, टोपी हवीच. परतीच्या बोटीला गर्दी असते, बारा माणसं दोन मिनिटांत जमतात. चांगीला आलो, रांग लावली, नासी लेमाक खाल्ला. तिखट, नारळाचा, कुरकुरीत सुक्या माशांचा. अजितने दोन प्लेट खाल्ल्या आणि टॅक्सीत माझ्या खांद्यावर झोपून गेला.

संध्याकाळी तो डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला. सई सोफ्यावर आडवी होती.

"चार महिने मागतोय," तो मला म्हणाला. "चालेल ना?"

"मागून बघ."

सईने मान वर केली नाही. "परत जाणार?" हे मात्र तिने मराठीत विचारलं.

"पुढच्या महिन्यात," अजित म्हणाला.

"आय न्यू इट. यू ओपन माय बाइक टू टाइम्स." थोडा वेळ ती फोनवर अंगठा फिरवत राहिली. "एक्झामला येशील?"

"येणार. प्रॉमिस."

"प्रॉमिस नको, लाह, पपा," सई म्हणाली. "ट्राय कर."

आणि ती उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली, त्याचा ईमेल वाचत. एका ठिकाणी तिने त्याची स्पेलिंगची चूक काढली. त्याने निमूट दुरुस्त केली. मी स्वयंपाकघरात गेले, कारण त्या दोघांत माझं काहीच काम नव्हतं.

आता हिशेब करायचा तर, मी नवऱ्याला सूर्य दाखवायला गेले होते, तो त्याने बघितला नाही. मी त्याला घरी ठेवायला गेले होते, त्याला बोटीवर धाडून आले. प्रवास म्हणून हे सपशेल फसलेलं प्रकरण आहे. तरी तुम्ही जा. इथे राहत असाल तर नक्की जा, आणि उबिनपर्यंत जाणं जमत नसेल तर निदान घराखाली उतरा. कारण खाडीच्या मध्यावर त्या बंद पडलेल्या बोटीत जे काही झालं ते माझं झालं. त्याला अजितची गरज लागली नव्हती. हे कळल्यावर मला थोडं वाईट वाटलं आणि बरंच हलकंही वाटलं.

सोमवारी नेहमीसारखी उठले. सईचा डबा, बाटली, फाइल. ती अंधारात बसमध्ये चढली, खिडकीतून हात केल्यासारखं काहीतरी केलं. मी लिफ्टकडे वळणार होते, पण वळले नाही. वॉटरवेच्या, म्हणजे आमच्याकडच्या कालव्याच्या, कडेने चालत राहिले. रिकामं बाक दिसलं त्यावर बसले. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, एलआरटीचा, इथल्या छोट्या ट्रेनचा, डबा वरच्या रुळांवरून रिकामाच गेला. समोरच्या ब्लॉकच्या टाक्यांमागे आकाश हळूहळू पिवळं व्हायला लागलं. जहाजं नव्हती, समुद्र नव्हता, सूर्य होता तो एवढाच. पुरेसा होता.

तेवढ्यात फोन वाजला. अजित.

"कुठे आहेस?"

"खाली आहे. सूर्य बघतेय."

"बरं. मी चहा टाकलाय."

अजितचा चहा मी ओळखून आहे. बोटीवर तो जहाज चालवायला पुरेल असा करतात. मी म्हटलं, आलेच, आणि आणखी दहा मिनिटं बसून राहिले.